एवढंच? : फोटोतला शनी आणि दुर्बिणीतला शनी

शेजारच्या आजींनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग हळूच मागे सरकल्या, नळीच्या पुढच्या तोंडाशी गेल्या आणि आत वाकून पाहू लागल्या. “चित्र चिकटवलंयस होय रे आत?” त्यांना शनी दिसला होता. कड्यासकट, कोरीव, इवलासा. त्यांच्यानंतर नातवाची पाळी. त्याने फोनवर शनीचे ढीगभर फोटो पाहिलेले. डोळा लावला, दोन सेकंदांत काढला आणि म्हणाला, “एवढंच?”

मला त्याचा राग नाही आला. कॅसिनी यान २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षं शनीभोवती घिरट्या घालत होतं. त्या यानाने काढलेले फोटो डोळ्यांत भरलेले असताना सव्वाशे-दीडशे कोटी किलोमीटरवरचा शनी दाण्याएवढा दिसला, तर मुलगा हिरमुसणारच. पण त्याला एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. फोनवरचा शनी जसा मेहनतीने बनवलेला असतो, तसाच दुर्बिणीतला शनीसुद्धा बनवावा लागतो. पहिला यंत्रं आणि माणसं मिळून बनवतात, दुसरा तुमचा डोळा. आणि हे बनवणं कसं चालतं ते कळलं की दोन्हींकडे पाहायला जास्त मजा येते.

आधी थोडा हिशेब. आकाशात वस्तू केवढी दिसते ते कोनात मोजतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे सुमारे १,८०० विकलांचा. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना साधारण ४५ विकला. ४५ गुणिले ४० किती? १,८००. म्हणजे फक्त ४० पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून गुरू तेवढाच दिसतो, जेवढा नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो!

हे कोणालाच पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. शेवटी चंद्र आणि गुरू एकाच वेळी आकाशात होते तेव्हा एक डोळा दुर्बिणीला लावला, दुसरा उघडा ठेवून चंद्राकडे लावला आणि दोन्ही गोळे शेजारी शेजारी आणून पाहिले. सारखे होते. दुर्बिणीतल्या काळ्या रिकाम्या वर्तुळात तुलनेला काही नसतं, म्हणून मेंदू गुरूला लहान ठरवून मोकळा होतो. ‘एवढंच’ यातला निम्मा भाग हा असा मेंदूचा असतो.

याच हिशेबातून एक अफवा जन्माला आली आणि ती अजून मरत नाही. २००३च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला होता, २५ विकलांचा झाला होता. तेव्हा फिरलेल्या एका ईमेलमध्ये लिहिलं होतं की ७५ पट मोठं करून पाहिलं तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पंचवीस गुणिले पंचाहत्तर, अगदी बरोबर. पण वाक्याचा पहिला तुकडा एका ओळीत राहिला आणि दुसरा पुढच्या ओळीत गेला. लोकांनी दुसरी ओळ तेवढी उचलली. तेव्हापासून ऑगस्ट आला की ‘आज रात्री दोन चंद्र दिसणार’ हा निरोप कुठून ना कुठून येतोच.

खडूने रंगवलेला मंगळ

आता फोटोंकडे वळू. १९६५च्या जुलैमध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि दुसऱ्या ग्रहाचे जवळून काढलेले पहिले फोटो त्याने पाठवले. प्रत्येक फोटोत २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० ठिपके. ठिपका किती उजळ हे ० ते ६३ यांमधल्या एका आकड्याने सांगायचं, त्याला सहा बिट लागतात. म्हणजे एका फोटोला २,४०,००० बिट. आणि यानाचा पृथ्वीकडे बोलण्याचा वेग सेकंदाला ८.३३ बिट! भागाकार करून पाहा: एका फोटोला आठ तास.

यानावरच्या टेप रेकॉर्डरने नीट काम केलंय की नाही याची नासाच्या इंजिनिअरांना धाकधूक होती. संगणकाने फोटो तयार करेपर्यंत थांबायचा त्यांना धीर नव्हता. त्यांनी येणारे आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापून घेतले, पट्ट्या एकाशेजारी एक भिंतीवर लावल्या आणि रंगीत खडू घेऊन आकड्यांप्रमाणे रंगवायला बसले. अमुक ते अमुक आकडा असेल तर हा तपकिरी, त्याच्या पुढे तो पिवळट. अधिकृत फोटो येण्याआधी मंगळाची कड त्या भिंतीवर उमटलेली होती.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण ग्रहांच्या फोटोंचं सगळं गुपित त्या भिंतीवर उघडं पडलेलं आहे. यानाकडून येतात ते आकडे. कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा हे पृथ्वीवर कोणीतरी ठरवतं. खडू गेले, संगणक आले, पण काम तेच आहे.

यानांवरचे बरेचसे कॅमेरे मुळात कृष्णधवल असतात. त्यांच्यापुढे रंगीत काचा, म्हणजे फिल्टर, आळीपाळीने येतात. लाल काचेतून एक फोटो, हिरव्यातून एक, निळ्यातून एक. तिन्ही काळे-पांढरेच. पण तांबडा खडक लाल काचेतून काढलेल्या फोटोत उजळ दिसतो आणि निळ्या काचेतल्या फोटोत काळपट. हे तीन फोटो संगणकात अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या खणात टाकून एकावर एक बसवले की रंगीत चित्र तयार होतं. फोनचा कॅमेराही आत हेच करतो, फक्त त्याच्या रंगीत काचा एकेका ठिपक्यावर बसवलेल्या असतात आणि जुळवाजुळव आपल्याला न विचारता होते. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटीसारख्या काही गाड्यांवरच्या कॅमेऱ्यांत तीच रचना आहे.

खरी गंमत सुरू होते ती चौथी काच आल्यावर. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्या खणांपैकी एकात टाकला तर? मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या हायराइज कॅमेऱ्याच्या पुष्कळ चित्रांत असंच करतात: अवरक्त लाल खणात, लाल हिरव्या खणात आणि निळा-हिरवा निळ्या खणात. म्हणून मंगळावर गर्द निळ्या वाळूच्या टेकड्या दिसतात. तिथे उभं राहिलात तर ती वाळू काळपट करडी दिसेल. निळा रंग खोटा नाही, तो एक खूण आहे: इथे लोहाची तांबडी धूळ नाही, बेसॉल्ट या काळ्या खडकाची वाळू आहे. नकाशात समुद्राला निळा आणि डोंगराला तपकिरी रंग देतात, त्याच जातीची ही गोष्ट.

गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानावरच्या कॅमेऱ्यात एक पट्टी मिथेन वायू जो प्रकाश शोषून घेतो नेमक्या त्याच प्रकाशाची आहे. त्या फोटोत खोलवरचे ढग काळे पडतात, कारण त्यांच्यापर्यंत जाऊन परत येताना प्रकाश वाटेतच गिळला जातो. उंच ढग मात्र चमकतात. गुरूवरचा प्रसिद्ध लाल डाग अशा फोटोत पांढराशुभ्र दिसतो. म्हणजे न मोजता कळलं की डागाचा माथा आजूबाजूच्या ढगांपेक्षा वर आहे.

नेपच्यूनची निळाई

“हा रंग खरा आहे का?” हा प्रश्न मला ज्या चित्रावरून सर्वात जास्त विचारला गेला ते नेपच्यूनचं. गडद निळा, जवळजवळ शाईसारखा. पाठ्यपुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत, सगळीकडे तोच. युरेनस फिका हिरवट, नेपच्यून गर्द निळा, असं पाठही करून झालेलं.

व्हॉयेजर-२ युरेनसजवळून १९८६मध्ये गेलं आणि नेपच्यूनजवळून १९८९मध्ये. नेपच्यूनच्या ढगांचे पट्टे आणि वादळं फार पुसट होती. ती दिसावीत म्हणून फोटोंमधला उजेड-अंधाराचा फरक ताणून वाढवला गेला, आणि त्या ताणण्यात निळा रंगही गडद झाला. तेव्हा हे चित्राखाली लिहिलेलं होतं. पण चित्रं एका हातातून दुसऱ्या हातात जातात तशा त्यांच्याखालच्या ओळी गळून पडतात. २०२४च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी हबल ही अवकाशातली दुर्बीण आणि चिलीतली एक मोठी दुर्बीण यांच्या मोजमापांशी ताळा करून रंग पुन्हा बसवले. निघालं काय, तर दोघंही जवळजवळ सारखेच, फिके हिरवट-निळे. नेपच्यून किंचित जास्त निळा, कारण त्याच्यावरचा धुरकट थर थोडा पातळ आहे.

यात कोणी फसवलं नव्हतं. पुसट वादळ दिसावं म्हणून चित्र ताणणं ही शास्त्रज्ञाची गरजच असते. घोटाळा झाला तो चित्राखालची ओळ हरवल्याने. म्हणून एखादं ग्रहचित्र आवडलं की मी आधी त्याखालची बारीक अक्षरं शोधतो. रंग डोळ्यांना दिसतील तसे, वाढवलेले, की निव्वळ खुणेचे? अक्षरंच नसतील तर त्या चित्राच्या रंगावरून मी काहीही ठरवत नाही.

आणि ‘खरा रंग’ म्हणजे तरी काय? मंगळावरची हवा धुळीने भरलेली, तिथला उजेडच पिवळट-तांबूस. त्या उजेडात सगळंच तांबूस दिसणार. १९७६मध्ये वायकिंग-१ उतरलं तेव्हा घाईत तयार केलेल्या पहिल्या रंगीत फोटोत मंगळाचं आकाश निळसर आलं होतं. आकाश निळंच असणार, हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलेलं! रंगांचा ताळा केल्यावर ते फिक्कट गुलाबी-तपकिरी निघालं. मंगळावर उतरणाऱ्या गाड्यांवर यासाठी ज्यांचे रंग आधी मोजून ठेवलेले आहेत अशा रंगीत चकत्यांची तबकडी असते. गाडी अधूनमधून तिचा फोटो काढते आणि इथली माणसं त्यावरून रंग बेतशीर करतात. सूर्यास्ताला मात्र मंगळ आपल्याला उलटं करून दाखवतो: तिथली बारीक धूळ निळा प्रकाश सरळ पुढे जाऊ देते, म्हणून मावळत्या सूर्याभोवती निळं वलय असतं. दिवसा तांबूस आकाश आणि संध्याकाळी निळं.

सावल्यांचाही असाच एक चकवा आहे. विवरांचा फोटो पाहताना कधी खड्ड्यांऐवजी फुगवटे दिसतात. डोळ्याला उजेड वरून येतो अशी सवय आहे, आणि फोटोत तो खालून येत असतो. चित्र उलटं धरा, खड्डे जागेवर येतात. वायकिंगच्याच एका फोटोत कलत्या उन्हाने एका टेकडीवर माणसाचा चेहरा उमटवला होता. त्यातला नाकपुडीसारखा ठिपका तर खडकही नव्हता, पाठवताना गहाळ झालेला आकडा होता. पुढे जास्त बारकाईने काढलेल्या फोटोंत झिजलेली टेकडी तेवढी उरली.

मंगळावरच्या गाडीचा फोटो कोणी काढला, हाही नेहमीचा प्रश्न. तिनेच. हाताच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने हात थोडा थोडा हलवत बरेच फोटो काढायचे आणि हात न आलेले भाग निवडून जोडायचे.

डोळाही चित्र बनवतो

यंत्राची ही कारागिरी कळली की लोक म्हणतात, मग आपला डोळाच बरा, जे आहे ते दाखवतो. इथे मला १८७७ची गोष्ट सांगावीशी वाटते. जोव्हानी स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेषा दिसल्या. त्याने त्यांना ‘कनाली’ म्हटलं, म्हणजे चर किंवा ओघळ. इंग्रजीत त्याचे कालवे झाले, आणि कालवे म्हटले की ते खणणारे कोणीतरी आलेच. पर्सिव्हल लोवेलने तर १८९४मध्ये वेधशाळा उभारली आणि मंगळावर कालव्यांचं अख्खं जाळं रेखाटलं. १९०९मध्ये युजीन अँटोनियादीने पॅरिसजवळच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून, हवा अतिशय स्थिर असताना पाहिलं, तेव्हा रेषा विरघळल्या आणि नुसते विस्कळीत डाग उरले. जेमतेम दिसणारे ठिपके एकमेकांना जोडून टाकायची डोळ्याची आणि मेंदूची खोड असते. तिथे ना फिल्टर होता ना संगणक. चित्र तरी बनलंच होतं.

डोळ्याला शिकवता मात्र येतं. अंधारात गेल्यावर नीट दिसू लागायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा एक झगझगाट ती सगळी वाया घालवतो. अंधारात काम करणाऱ्या पेशींना रंग ओळखता येत नाहीत. मृग नक्षत्रातला तेजोमेघ फोटोत गुलाबी आणि डोळ्याला करडा दिसतो तो यामुळे. शिवाय या पेशी नजरेच्या ऐन मध्यावर नसतात, कडेला असतात. म्हणून पुसट वस्तू पाहायची तर तिच्याकडे थेट न पाहता जरा बाजूला पाहायचं. सरळ पाहिलं की गायब, नजर तिरकी केली की हजर. नवख्याला यात हसू येतं, पण देवयानी दीर्घिका मी पुष्कळांना अशीच दाखवली आहे.

ग्रह उजळ असतात, त्यांना ही युक्ती लागत नाही. त्यांना लागतो धीर. आपण हवेच्या जाड थराखालून पाहतो आणि हवा हलत असते. वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं आठवा: थरथरतं, फाटतं, आणि मध्येच क्षणभर पाणी शांत होतं तेव्हा त्याच्यावरची अक्षरंही वाचता येतात. दुर्बिणीतला ग्रह तसाच असतो. चांदण्या जोरात लुकलुकत असतील तर त्या रात्री ग्रहांची फार अपेक्षा ठेवू नये. बऱ्या रात्री पाच-दहा मिनिटं डोळा लावून बसलं तर मध्येच एखादा क्षण असा येतो की गुरूवरचे पट्टे एकदम रेखीव होतात, शनीच्या कड्यांतली काळी फट दिसते, आणि पुन्हा सगळं विरघळतं. नातवाने दोन सेकंदांत डोळा काढला. तो क्षण आलाच नव्हता.

सुरुवातीला मोठी दुर्बीणही लागत नाही. १०x५० ची (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री टेकवून धरली तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, तेच जे गॅलिलिओने १६१०च्या जानेवारीत पाहिले. दुसऱ्या रात्री पाहा, त्यांनी जागा बदललेल्या असतात. शुक्र कोरीच्या रूपात असेल तर तीही ओळखू येते. चंद्र पाहायचा तर पौर्णिमा सोडून. तेव्हा सावल्याच नसतात आणि सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या भिंतींच्या सावल्या लांब पडतात, तिथे नजर ठेवायची. शनीच्या कड्यांना मात्र दुर्बीणच हवी, २५-३० पट तरी. २०२५च्या मार्चमध्ये ती आपल्याला अगदी कडेवरून दिसण्याच्या स्थितीत आली होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील. १६१२मध्ये हीच स्थिती आली तेव्हा गॅलिलिओला शनीचे ‘कान’ नाहीसे झालेले दिसले आणि तो चक्रावून गेला. कड्यांचा उलगडा पुढे हायगेन्स या डच खगोलशास्त्रज्ञाने केला.

ज्यांना धीर कॅमेऱ्याच्या हवाली करायचाय ते ग्रहाचा व्हिडिओ घेतात. काही मिनिटांत हजारो चित्रं. सॉफ्टवेअर त्यांतली हवा शांत असतानाची वेचून काढतं आणि एकावर एक रचतं, बाकीची फेकून देतं. गुरूच्या बाबतीत घाई करावी लागते, कारण तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि थोड्याच मिनिटांत त्याच्यावरचे डाग सरकलेले दिसतात. या पद्धतीने हौशी मंडळी आज घरच्या अंगणातून जे फोटो काढतात, तसे काही दशकांपूर्वी मोठ्या वेधशाळांनाही जमत नव्हते. जुनोच्या कॅमेऱ्याचे कच्चे फोटो तर सर्वांसाठी खुले असतात, आणि गुरूच्या ध्रुवांवरच्या निळ्या भोवऱ्यांची जी चित्रं आपण पाहतो त्यांतली कित्येक अशाच हौशी माणसांनी घरच्या संगणकावर तयार केलेली आहेत. रंग ताणलेले, अर्थातच. दुर्बिणीतला गुरू सायीच्या रंगाचा असतो.

१९ जुलै २००९ला ऑस्ट्रेलियातले अँथनी वेस्ली हे हौशी निरीक्षक आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून असेच गुरूचे व्हिडिओ घेत होते. दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. त्यांना आधी वाटलं एखादा चंद्र असेल, नाहीतर चंद्राची सावली. पण त्या जागी तेव्हा कुठलाच चंद्र नव्हता, आणि डाग गुरूबरोबरच फिरत होता. त्यांनी बातमी कळवली. हवाईतल्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने खात्री केली की काहीतरी गुरूवर येऊन आदळलं आहे. हबलची त्याच वर्षी मे महिन्यात दुरुस्ती झाली होती आणि नवा कॅमेरा अजून चाचणीतच होता. तरीही २३ जुलैला चाचण्या थांबवून हबल गुरूकडे वळवण्यात आली आणि त्या डागाचा फोटो घेतला गेला.